उसावरची पांढरी लोकर आणि तिच्या मागून आलेली अळी

आज गोष्ट आपल्याच शिवारातली आहे, फार जुनीही नाही. तुमच्यातल्या ज्या चाळिशीच्या पुढे आहेत त्यांना ती पाहिलेली आठवेल. ज्या नंतर लग्न होऊन या भागात आल्या, त्यांनी सासूला विचारावं, "आत्या, उसावर लोकर आली होती ती कधी?" त्या बोटावर वर्षं मोजत नाहीत. "दुष्काळाच्या आदल्या साली" असं सांगतील, आणि ते बरोबर आहे.

साल २००२, महिना जुलै. सांगली जिल्ह्यातल्या उसात पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना, कापूस पिंजून चिकटवावा तसा पांढरा थर दिसला. शास्त्रज्ञांच्या लेखी नोंदीत महाराष्ट्रातली पहिली जागा म्हणून सांगली जिल्ह्याचंच नाव आहे. नोंद करणारे अर्थातच नंतर आले. पानाची खालची बाजू रोज कुणाला दिसते? सरीत वाकून भांगलण करणाऱ्या बाईला. मालक बांधावरून ऊस बघतो, त्याला वरचा हिरवा पाला दिसतो. वाकलेल्या बाईच्या तोंडावर मात्र ते पानच येतं. माझा अंदाज असा, की ही कीड पहिल्यांदा कुण्या भांगलणकरणीच्या पदराला लागली असेल. कुणी तिचं नाव लिहून ठेवलेलं नाही.

हा लोकरी मावा. मावा आपल्याला नवा नव्हता. ज्वारीवर, करडईवर, वाटाण्यावर, चवळीवर मावा आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतो. पण याच्या अंगावर लोकर होती. ती खरी लोकर नव्हे. किडा आपल्या अंगातून मेण सोडतो, त्याचे पांढरे धागे बनतात आणि त्याखाली तो झाकून बसतो. बोटाने पुसलं की पांढरं पीठ निघून जातं आणि खाली पिवळट-हिरवे ठिपक्याएवढे किडे दिसतात. त्यात नर शोधायला गेलात तर सापडणार नाही. मादी नराशिवायच पिल्लं देते, आणि अंडी न घालता थेट जिवंत पिल्लं देते. त्या पिल्लांची वाढ व्हायला फार दिवस लागत नाहीत, की त्यांचीही पिल्लं सुरू. हवा ढगाळ आणि दमट असली तर मग बघायलाच नको. आज पाच-दहा पानं, पंधरवड्याने कोपरा, महिन्या-दीड महिन्याने फड.

तो पानातला रस ओढतो. ओढतो त्यातला बराचसा गोड पाण्यासारखा खाली सोडून देतो. हा चिकटा खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. चुलीच्या वरच्या आढ्याला काजळी धरते ना, तसं पान काळंकुट्ट होतं. पानाला ऊन मिळेना म्हटल्यावर उसात साखर कशी भरणार? त्या वर्षी फडातून बाहेर येणाऱ्या बायकांचे हात, केस, लुगडी चिकट आणि काळी व्हायची. कपडे धुताना पाण्याला काळा रंग यायचा. आणि जनावरांची गोष्ट वेगळीच. वाडे म्हणजे आपल्या दावणीचा हिवाळ्याचा आधार, पण असं लोकर आणि काजळी लागलेलं वाडं म्हशीपुढे टाकायला मन धजेना.

आता ही कीड आली कुठून? आभाळातून तर पडली नाही. तिची पहिली शास्त्रीय ओळख जावा बेटावर झाली, १८९७ साली. झेंटनर नावाच्या संशोधकाने तिचं वर्णन लिहिलं. जावा म्हणजे तेव्हा डचांच्या ताब्यातलं ऊसाचं मोठं आगर. आपल्या देशात तिची नोंद १९५८ सालची, पश्चिम बंगालमधल्या कूचबिहारची. पुढे आसाम, नागालँड अशा ईशान्येकडच्या भागात ती होती. म्हणजे चाळीसेक वर्षं ती देशाच्या एका कोपऱ्यात बसून होती आणि मग एकदम कृष्णाकाठाला उगवली. इथे तिला काय सापडलं? मैलोन्‌मैल सलग ऊस. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा, असा वर्षभर कुठे ना कुठे हिरवा ऊस उभाच. आणि त्यातला बहुतेक एकाच-दोन जातींचा. मावा काही उपाशी राहण्याचा प्रश्न नव्हता.

सांगलीहून सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूर, आणि त्याच वर्षी सीमा ओलांडून कर्नाटकातल्या बेळगाव-बागलकोटपर्यंत. या माव्यातल्या काही माद्यांना पंख फुटतात आणि त्या वाऱ्याबरोबर जातात. पण सगळा दोष वाऱ्यावर टाकता येत नाही. आपणही त्याला गाडीत बसवून नेलं. बेण्याबरोबर नेलं, आणि वाड्यांबरोबर नेलं.

इथे जरा थांबते, कारण ही बाजू फारशी कुणी सांगत नाही. त्याच काळात माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ या भागांत पाऊस हरवला होता. २००३ सालचा दुष्काळ त्या भागातल्या बाया विसरणार नाहीत. जनावरं जगवायची तर चारा बाहेरून आणायचा, आणि जवळचा चारा म्हणजे कृष्णा-कोयनेच्या पाण्यावरचा ऊस आणि वाडे. कृषी खात्याचा सल्ला होता की कीड लागलेल्या भागातलं वाडं आणि पाला दुसरीकडे नेऊ नका. सल्ला शंभर टक्के योग्य होता. पण दावणीला उभी असलेली गाय सल्ला खात नाही. एका तालुक्यातल्या बाईचा ऊस वाचवायचा तर दुसऱ्या तालुक्यातल्या बाईच्या जनावराचा चारा अडतो. असा तो पेच होता. त्यातून कुणी काय केलं हे ज्याच्या त्याच्या दारातलं. मी कुणाला नावं ठेवणार नाही.

नुकसान किती झालं? राज्याचं साखरेचं उत्पादन २००२-०३ च्या हंगामात सुमारे ६२ लाख टन होतं. पुढच्या हंगामात ते सुमारे ३२ लाख टनांवर आलं आणि २००४-०५ मध्ये सुमारे २२ लाख टनांवर. तीन हंगामांत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. हे सगळं एकट्या माव्याने केलं असं म्हणणं चुकीचं होईल. पाणी नव्हतं, ऊस जळाला, मुळाशी हुमणी होती, लागणीच कमी झाल्या. पण ज्याच्या विहिरीत थोडं पाणी होतं आणि ऊस कसाबसा उभा होता, त्याचा उतारा माव्याने खाल्ला. आणि उतारा घसरला की तोडणीची टोळी, गाडीवान, कारखान्यातला हंगामी कामगार, सगळ्यांच्याच ताटाला तो घसरा लागतो.

मग फवारणी सुरू झाली. तेव्हा दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून त्यात कुणाला मूर्ख म्हणायचं कारण नाही. एन्डोसल्फान, मॅलॅथिऑन, डायमेथोएट फवारायचं. मिथिल पॅराथिऑन किंवा क्विनॉलफॉसची भुकटी धुरळायची. फोरेटचे दाणे मातीत टाकायचे. आता विचार करा, आठ-दहा महिन्यांचा ऊस म्हणजे डोक्याच्या वर दोन हात. त्यात पाठीवर पंप घेऊन शिरायचं. पानं कापतात, वारा नाही, आणि किडा बसलाय पानाच्या खालच्या अंगाला, वर मेणाचं पांघरूण घेऊन. औषध वरून पडतं आणि मेणावरून घरंगळतं. फवारणारा माणूस मात्र नखशिखांत भिजतो. पंप पुरुषाच्या पाठीवर असला तरी पाणी वाहून आणायला, बादलीत औषध ढवळायला बाई असायची. भुकटी धुरळलेल्या फडात दोन-चार दिवसांत भांगलायला जाणारी बाईच. संध्याकाळी ते कपडे धुणारीही तीच.

त्या औषधांचं पुढे काय झालं ते ऐका. एन्डोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभर बंदी आणली. मिथिल पॅराथिऑन २०१८ साली केंद्र सरकारने बंद केलं. फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. म्हणजे ज्या वस्तू आपण उघड्या हाताने सरीत टाकल्या, त्या माणसाच्या जिवाला धोक्याच्या आहेत असं सरकारनेच मान्य केलं, पण आपले हात धुऊन झाल्यावर पंधरा-वीस वर्षांनी. आजही एखाद्या घरात माळ्यावर जुना डबा किंवा पुडा पडलेला असेल. असला तर त्याला हात लावू नका, पोरांच्या हाती लागू देऊ नका, विहिरीत किंवा ओढ्यात ओतू नका. कृषी सहायकाला बोलावून दाखवा.

आता गोष्टीतली अळी येते.

माव्याचा जोर असतानाच काही शेतांत वेगळं काहीतरी दिसायला लागलं. पांढऱ्या थरात मधेच रेशमासारखं जाळं, त्या जाळ्याला लोकर चिकटलेली, आणि आत एक करडी-हिरवट अळी. अळी म्हटली की आपला हात आपोआप चिरडायला जातो. खोडकीड अळीच, बोंडअळीही अळीच, मग ही चांगली कशी असेल? "माव्यावर आता अळीसुद्धा पडली," असंच पहिल्यांदा वाटणं साहजिक होतं. पण ती पान खात नव्हती. ती मावा खात होती. जाळ्याच्या बोगद्यात दडून एकेक मावा ओढून फस्त करायची. एक अळी आपल्या वाढीच्या काळात शेकडो मावे संपवते. पुढे पानावरच कोष करते आणि त्यातून छोटा राखी पतंग निघतो. तो पुन्हा जिथे मावा असेल तिथे जाऊन अंडी घालतो.

तिचं शास्त्रीय नाव डिफा ॲफिडिव्होरा. आपल्याकडच्या कृषी पत्रकांत ती जुन्या नावाने, कोनोबाथ्रा म्हणून छापून येते. नाव जिभेवर बसत नाही, मी आपली मावाखाऊ अळी म्हणते. तिच्या जोडीला आणखी एक होता, मायक्रोमस. तपकिरी जाळीदार पंखांचा एवढासा कीटक, याची अळीही मावा खाते आणि मोठा झाल्यावर तो स्वतःही खातो. शिवाय फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माश्यांच्या अळ्या होत्या, हिरव्या पंखांचा क्रायसोपर्ला होता. सगळी पंगतच बसली म्हणा.

पण पंगत उठवायचं काम आपणच करत होतो. जिथे जोरात फवारणी व्हायची तिथे ही अळीही मरायची. मावा मात्र पांघरुणाखाली थोडा तरी शिल्लक राहायचा, आणि नराची वाट न बघता पुन्हा पिल्लं द्यायचा. खाणारा मेलेला, वाढणारा जिवंत. म्हणून फवारलेल्या फडात मावा फिरून दुप्पट दिसायचा आणि शेतकरी म्हणायचा, औषधच बनावट होतं. काही वेळा असेलही. पण बऱ्याच वेळा औषध खरंच होतं, त्याने राखणदार मारला होता.

मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि बंगळुरूचं जैविक कीड नियंत्रणाचं केंद्रीय प्रकल्प संचालनालय यांनी या कीटकांचा अभ्यास सुरू केला होता. त्यातून जी शिफारस आली ती आजही पत्रकांत आहे: हेक्टरी मावाखाऊ अळीच्या १००० अळ्या, किंवा मायक्रोमसच्या २५०० अळ्या, किंवा क्रायसोपर्लाच्या २५०० अळ्या सोडाव्यात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जिथे हे मित्रकीटक दिसतात तिथे रासायनिक औषध फवारू नये. वाचायला हे एक वाक्य आहे. पण काळा पडलेला ऊस डोळ्यांसमोर उभा असताना हातातला पंप खाली ठेवायला सांगणं म्हणजे काय, याचा विचार करा. कर्ज काढून लावलेला ऊस, शेजारचा फवारतोय, दुकानदार म्हणतोय न्या अजून एक डबा, आणि कृषी अधिकारी म्हणतोय अळी सोडा आणि थांबा. थांबलेल्यांचं धाडस मोठं होतं असं मला वाटतं.

एवढ्या अळ्या आणायच्या कुठून? त्या डब्यात मिळत नव्हत्या. ही अळी जिवंत माव्याशिवाय जगत नाही, म्हणून तिला वाढवायचं तर आधी ऊस वाढवा, त्यावर मावा वाढवा, मग अळी सोडा. त्यासाठी शेडनेटच्या जाळीत ऊस लावून तिची पैदास करायची पद्धत बसवली गेली. पण शेतावर त्याहून साधं काम होतं. ज्या फडात अळ्या भरपूर आहेत तिथली पानं अळ्या-कोषांसकट कापायची, टोपलीत किंवा पिशवीत घालून नव्याने लागलेल्या फडात न्यायची आणि मावा असलेल्या पानांना तो तुकडा टाचायचा. विरजण घेऊन जावं तसं. शेजारणीच्या घरातलं वाटीभर विरजण आपल्या दुधात, आपल्यातलं पुढच्या घरी. दूध हवं मात्र, म्हणजे मावा हवा. जिथे मावाच नाही तिथे अळी सोडून ती उपाशी मरणार.

त्यानंतर आणखी एक पाहुणी आली, एन्कार्सिया नावाची गांधीलमाशीच्या जातकुळीतली, पण टाचणीच्या डोक्याहून लहान. ती माव्याच्या अंगातच अंडं घालते, तिचं पिल्लू आतून मावा पोखरतं. ती ईशान्येकडे, माव्याच्या जुन्या मुलखात होती. तिथून आणून महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या उसात सोडली आणि ती इथे रुजली. पुढच्या काही वर्षांत लोकरी माव्याची ती धास्ती उरली नाही. तो संपला नाही. अजूनही पावसाळ्यात, ढगाळ हवेत, एखाद्या फडाच्या कोपऱ्यात पांढरं दिसतं. पण मागोमाग अळीही दिसते. माव्याच्या मागून ती येते, आधी येत नाही, त्यामुळे मधले काही आठवडे जीव टांगणीला लागतो.

किडीने कीड मारायची ही युक्ती माणसाला काही २००२ साली सुचलेली नाही. चीनमध्ये सतराशे वर्षांपूर्वीच्या एका वनस्पतींच्या ग्रंथात लिहिलंय की संत्र्याच्या बागा राखायला लाल मुंग्यांची घरटी बाजारात विकत मिळायची. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संत्री-मोसंबीवर असाच पांढरा कापसासारखा खवलेकीडा पडला होता, तो ऑस्ट्रेलियातून गेलेला. १८८८ साली आल्बर्ट कोबेले नावाचा माणूस ऑस्ट्रेलियात जाऊन त्याला खाणारा लाल-काळा ढालकिडा शोधून आला. त्याने पाठवलेले पहिले १२९ ढालकिडे एका झाडावर तंबू घालून आत सोडले. वर्ष-दीड वर्षात बागा वाचल्या.

आपल्या देशातली गोष्ट तर त्याहून जुनी आणि जरा गमतीची. १७९५ साली ब्राझीलमधून कलकत्त्याला निवडुंगावरचा एक किडा आणला गेला. कंपनी सरकारला त्यापासून लाल रंग हवा होता, कारण त्या रंगाचा धंदा स्पेनच्या मुठीत होता. आला तो भलताच किडा. रंग धड मिळाला नाही, पण त्याने एका जातीचा निवडुंग फस्त केला. आपला काटेरी फड्या निवडुंग मात्र त्याने तोंडीही लावला नाही. त्यासाठी १९२६ साली श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा किडा आणावा लागला, आणि त्याने दक्षिण भारतात पाच-सहा वर्षांत सुमारे ४०,००० हेक्टरांवरचा फड्या निवडुंग हटवला. दोन्ही किडे दिसायला जवळपास सारखे, पांढरे कापसासारखे. पण एकाला एक निवडुंग चालतो, दुसऱ्याला दुसरा. म्हणून "कुठलाही मित्रकीटक आणा नि सोडा" असं कुणी सांगितलं तर लगेच पैसे काढू नका. कुणाला कोण खातं हे आधी विचारा. आणि बाहेरच्या देशातला किडा सरकारी परवानगीशिवाय आणता येत नाही, ते बरंच आहे. निवडुंगसुद्धा बाहेरूनच आला होता.

आता ज्यांच्याकडे ऊस नाही त्या म्हणतील, आमचं काय? तुमच्या दारातल्या कुंडीत या. गुलाबाची पानं उन्हाळ्यात फिकट ठिपक्यांची होतात, मग पिवळी पडून गळतात, पानाखाली बारीक कोळ्याचं जाळं दिसतं. तो लाल कोळी. वांग्यावर, भेंडीवर तोच, पॉलिहाऊसमधल्या जरबेरा-गुलाबावर तोच, महाबळेश्वर-वाईकडच्या स्ट्रॉबेरीलाही तो त्रास देतो. त्याला आठ पाय असतात, तो कीटक नव्हेच. त्यामुळे किड्यांवरची कित्येक औषधं त्याला लागत नाहीत, त्याला खाणाऱ्यांना मात्र लागतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर डीडीटीसारखी औषधं आली आणि तेव्हाच हा कोळी मोठा शत्रू म्हणून वर आला, तो याच कारणाने. गोष्ट आपल्या लोकरी माव्याचीच.

त्याला खाणाराही एक कोळीच आहे. १९५८ साली दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशातून जर्मनीत ऑर्किडची झाडं आली, त्या झाडांबरोबर एक नारिंगी रंगाचा, चपळ कोळी आला. संशोधकांनी पाहिलं तर तो लाल कोळ्याची अंडी आणि पिल्लं खात सुटला होता. हॉलंडमधल्या यान कॉपर्ट नावाच्या काकडी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला औषधांचा त्रास होऊ लागला होता, अंगाला सोसेनात. १९६७ साली त्याने काचघरात हे शिकारी कोळी सोडायला सुरुवात केली, आणि मग शेजारच्यांना विकायलाही. त्यातून पुढे मोठा उद्योग उभा राहिला. बघा, सुरुवात कुठून झाली? फवारणाऱ्याच्या अंगावर उठलेल्या पुरळापासून, असंच म्हणायला हवं.

आपल्याकडेही लाल कोळी खाणारे देशी शिकारी कोळी आहेत. भारतात नियोसिय्युलस लाँजिस्पिनोसस या जातीवर बराच अभ्यास झालाय. तो लाल कोळ्यापेक्षा भरभर पळतो. भिंगातून बघितलं तर एक जागेवर बसून रस ओढणारा आणि दुसरा सारखा धावणारा, हा फरक लगेच कळतो. शाळकरी पोरांकडे भिंग असतं, मागून घ्या एक दिवस. पाच-दहा कुंड्यांसाठी काही विकत आणायची गरज नाही. लाल कोळ्याला ऊन, कोरडेपणा आणि धूळ आवडते. पानाच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा, चार-पाच दिवसांनी पुन्हा, असं तीन-चार वेळा. फारच लागलेली पानं खुडून जाळा. रस्त्याकडेच्या कुंड्यांवरची धूळ धुऊन काढा. आणि ढालकिडे, बारीक धावणारे कोळी दिसले तर त्या झाडावर औषध मारू नका. पॉलिहाऊस असलेल्या बचत गटांनी मात्र फवारणीचं वेळापत्रक ठरवण्याआधी कृषी विज्ञान केंद्रात पान घेऊन जावं. साताऱ्यात बोरगावला आहे, सांगलीत कांचनपूरला आहे. पान प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून न्या, म्हणजे वाटेत बाकीच्या झाडांना लागत नाही.

शेवटी एक काम सांगते, कारण गेल्या वेळी गटातल्या एकीने विचारलं होतं की चांगली अळी आणि वाईट अळी ओळखायची कशी. खोडकिडीची अळी उसाच्या आत असते. कोंब मधून वाळतो, ओढला की सहज उपटून येतो आणि त्याला घाण वास येतो. ती आपली शत्रू, तिच्यासाठी ट्रायकोकार्ड लावतात. मावाखाऊ अळी पानाच्या खालच्या अंगाला, पांढऱ्या लोकरीतल्या जाळ्यात असते, आणि तिच्या आजूबाजूचं पान खाल्लेलं नसतं, फक्त मावा कमी झालेला असतो. भांगलताना असं पान दिसलं तर ते मोडू नका. आणि खूप दिसली, तर दोन-चार पानं कापून पिशवीत घाला आणि ज्या शेजारणीच्या फडाला पांढरं लागलंय तिला नेऊन द्या.